कुरवाने नेलेला घास

बोरवाडी, ता. चाकूर, जि. लातूर
११ डिसेंबर २०२४

ती. जहांगीरकाका यांना,
वैजनाथचा नमस्कार.

फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि तुमच्या सूनबाई मधे उभ्या राहून प्रत्येक वाक्य ओरडून सांगतात, ते मला बरं वाटत नाही. तुमचं आणि बाबांचं सगळं कार्डावरच चालायचं, म्हणून मीही कागद घेतला. बँडमध्ये जन्मभर ढोलाशेजारी उभं राहून तुम्ही कान घालवलेत, असं बाबा म्हणायचे.

बाबांच्या दहाव्याला तुम्ही आलात, गुडघे दुखत असताना तुमच्या नांदेडच्या घाटाच्या पायऱ्या उतरलात, हे आम्ही विसरणार नाही. आईही रोज तुमचं नाव काढते.

त्या दिवशी जे झालं ते तुमच्या डोळ्यांसमोरच झालं. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरकलो. कावळे समोर पिंपळावर बसलेले, पण एकही खाली येईना. चुलत्यांनी तंबाखूची पुडी ठेवली. कुणीतरी भजी आणून ठेवली, बाबांना आवडायची म्हणून. विहिरीची मोटार दुरुस्त करतो म्हण, असं लोक म्हणाले, तेही म्हणून झालं. आणखीही बरंच काही बोलून झालं. कावळे जागचे हलले नाहीत. मग नदीवरून तो पांढरा पक्षी आला आणि न बसताच, उडता उडता घास घेऊन गेला. गुरुजीसुद्धा गोंधळले. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पूर्ण केला.

आता गावात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच आहे. कुणी म्हणतं पाखरू ते पाखरू, शिवलं म्हणजे शिवलं. कुणी म्हणतं, कावळा तो कावळा. मला एवढंच विचारायचं आहे की तुम्ही रोज सकाळी त्या पक्ष्यांना शेव टाकता, तर ते काहीही खातात का? दिसेल ते उचलायची त्यांना सवयच आहे का? नीट बघून कळवा. माझ्या डोक्यातून हे जात नाही.

तुमचा,
वैजनाथ

*

नांदेड
१७ डिसेंबर २०२४

चि. वैजनाथ,
अनेक दुआ.

तुझं अक्षर थेट बापासारखं आहे, ओळ निघते खालून आणि पोचते वर. पाकीट हातात घेतलं तेव्हा क्षणभर वाटलं हणमंतचंच आलं. मग बराच वेळ उघडलं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगतो. हे पक्षी थंडीत लांबून येतात आणि उन्हाळा लागायच्या आत जातात. घाटावर त्यांना सगळे सीगल म्हणतात. मराठीत कुरव म्हणतात, असं आमच्या सुनेनं, जेबानं, मोबाईलवर बघून सांगितलं. खाण्याच्या बाबतीत यांच्यासारखी चालू जमात मी दुसरी पाहिली नाही, आणि मी जन्मभर लग्नाच्या पंगती पाहिल्यात. शेव टाकली की हवेतच झेलतात, खाली पडू देत नाहीत. समोर ढीग असला तरी एकमेकांच्या चोचीतलंच ओढतात. पाणकावळा बुडी मारून मासा आणतो, हे वरच घिरट्या घालत थांबतात आणि तो बाहेर आला की त्याला इतकं छळतात की बिचारा मासा टाकून देतो. नदीत सोडलेले कणकेचे दिवे वात विझायच्या आत खाताना पाहिलेत. आणि काठाच्या चिखलात एका जागी उभे राहून पाय आपटत राहतात, त्यानं आतले किडे वर येतात म्हणे. आमच्या बँडपुढे नाचणारे नवरदेवाचे मित्र असेच नाचायचे, पण त्यांना काही मिळायचं नाही.

पण भाताचं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून जेबाकडून भात शिजवून घेतला. पक्ष्यांसाठी भात म्हटल्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं की आता याला दवाखान्यात न्यावं की काय. सकाळी घाटावर गोळे करून टाकले. कुरव खाली आले, बघितलं आणि तोंड फिरवून गेले. दुसऱ्या दिवशीही तेच.

तेव्हा बाळा, भाताला न शिवणारा पक्षी तुझ्या बापाच्या घासाला आला, एवढं मी सांगू शकतो. तुमच्या धर्मातलं मी बोलणार नाही, पण हणमंतला मी आठवीपासून ओळखतो. रांग सोडून भलत्याच दारानं यायची त्याची सवयच होती. मनाला लावून घेऊ नकोस, तो सुखानं गेला.

तुझा,
जहांगीरकाका

*

बोरवाडी
२३ डिसेंबर २०२४

ती. जहांगीरकाका यांना,
नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही माझी समजूत काढताय हे कळतं, पण काका, मला समजूत नको आहे. खरं काय ते हवं आहे.

तुम्ही साधा भात टाकलात. पिंडाच्या भातात काळे तीळ होते, वर दही-तूप होतं, आणि त्याला चिकटून भजी होती. शिवाय तुम्ही गोळे पायऱ्यांवर फेकलेत. आपला पिंड ओट्यावर होता आणि माणसं मागे सरकलेली होती. तसंच करून बघा. त्रास देतोय, पण याच्यावर माझं बरंच काही अवलंबून आहे.

तुरीची रास चालू आहे, मजूर मिळत नाहीत. आई बरी आहे. बोलत नाही फारशी.

वैजनाथ

*

नांदेड
२९ डिसेंबर २०२४

चि. वैजनाथ,
दुआ.

तू शेती सोडून फौजदार व्हायला हवा होतास. सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. भजी तळताना जेबानं विचारलंच, की हे आणखी किती दिवस चालणार आहे.

पहिल्या दिवशी ओट्यावर ठेवून मी मागे सरकलो आणि कावळ्यांनी येऊन फडशा पाडला. त्यांना तुमच्या दिवशी काय धाड भरली होती कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी कावळे दुसऱ्या टोकाला गुंतले होते. तेव्हा एक कुरव आला. लहान वयाचा असावा, पंखांवर अजून तपकिरी होतं. मोठे वरूनच घिरट्या घालत होते, हा धीट निघाला. एक भजं उचललं, त्याला चिकटलेला भातही आला. थोडं वर गेल्यावर भात गळून पाण्यात पडला, भजं त्यानं गिळलं.

तर खरं हे असं आहे. भातासाठी तो येत नाही, तळलेल्यासाठी येतो. माणसांनी रोज शेव टाकून टाकून त्याला ती चटक लावली आहे, आणि त्या माणसांत मीही आलो. तुझ्या दिवशी आलेला हाच होता की दुसरा, ते मी सांगू शकत नाही.

तुला वाईट वाटेल म्हणून लिहावं की नको असं झालं होतं. पण तू खरं मागितलंस.

जहांगीरकाका

*

बोरवाडी
३ जानेवारी २०२५

ती. काका यांना,
नमस्कार.

तुमचे फार उपकार झाले. वाईट कशाचं वाटणार? उलट डोक्यावरचं ओझं उतरलं.

म्हणजे तो पक्षी भज्यासाठी आला होता, बाबांचा त्याच्याशी संबंध नव्हता. कावळा शेवटपर्यंत शिवला नाही, याचा अर्थ सरळ आहे. शेवटी जे बोललो, ती बाबांची इच्छा नव्हतीच. अशा वेळी चार माणसं मागे लागतात, गुरुजी घाई करतात, माणूस काहीही बोलून जातो. ते धरून बसायचं कारण नाही. आईला मी तसं सांगितलं आहे.

तुमचा यासेर इकडे लातूरला आला तर घरी पाठवा, नवी तूर देतो.

वैजनाथ

*

नांदेड
६ जानेवारी २०२५

तुळजावहिनींना,
जहांगीरचा आदाब.

तुम्हाला मी आजवर कधी पत्र लिहिलं नाही, हणमंतच्या कार्डात खाली एक ओळ असायची तेवढीच. आज लिहायची वेळ आली, कारण एक गोष्ट मला उमगत नाही.

बापाचा घास पाखरानं भज्याच्या लोभानं नेला, हे ऐकून मुलाला आनंद होतो, असं मी पहिल्यांदाच पाहतोय. आधी मला वाटलं पोरगा बापासाठी तळमळतोय. मी त्याची समजूत काढत बसलो आणि तो माझ्यावर चिडला.

वहिनी, त्या दिवशी मी वरच्या पायरीवर होतो. दिसत सगळं होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. शेवटी वैजनाथ हात जोडून पुढे झाला आणि काहीतरी बोलला. तेव्हा तुम्ही डोक्यावरचा पदर मागे करून वर बघितलंत. सकाळपासून पहिल्यांदाच. आणि लगेच तो पक्षी आला. वैजनाथ काय बोलला होता?

विचारायचा मला अधिकार नाही असं वाटलं तर हे पत्र फाडून टाका.

तुमचा,
जहांगीर

*

बोरवाडी
१० जानेवारी

जहांगीरभाऊजींना,
तुळजाबाईचा नमस्कार.

मला लिहायची सवय न्हाई, चौथीपर्यंतच शाळा झाली. बोलते तसंच लिहून राहिले, समजून घ्या.

तुमचा अधिकार हाय. दुसरं कोण हाय आता इचारणारं.

वैजनाथ म्हणला, बाबा, शिल्पाला घरी आणतो. तिचं म्हायेर तोडणार न्हाई. एवढंच म्हणला. सहा वर्षं झाली भाऊजी, ह्या घरात तिचं नाव कुणी काढलं न्हाई. तिनं दुसऱ्या जातीतल्या पोराशी लगीन केलं, संगमेश त्याचं नाव. त्या दिवशी हे अंगणात उभं राहून म्हणले, ती आम्हाला मेली. तेव्हापासून ते एक गप, वैजनाथ एक गप. मी चुलीपुढं रडले ते धूर लागला म्हणून खपलं.

वैजनाथच्या तोंडून शिल्पाचं नाव आलं तेव्हा मला वाटलं, ह्यांचा जीव ह्याच्यातच गुतला हुता. म्हणून मी वर बघितलं. आता तो म्हणतो कावळा शिवला न्हाई, पाखरू लबाड हुतं, तर बोललेलं धरायचं न्हाई. तुमचं पत्र मला वाचून दावलं. मी दोन दिवस जेवले न्हाई, त्याला वाटलं पोट बिघडलं.

ती नांदेडातच हाय म्हणतात. तुम्हाला ठावं हाय का कुठं हाय ते? मला तिचं तोंड बघायचं हाय.

तुळजाबाई

*

नांदेड
१४ जानेवारी २०२५

तुळजावहिनींना,
आदाब.

तुमचं पत्र वाचलं. माझ्या प्रयोगांनी तुमचं जेवण तोडलं, हे मला कसं कळावं?

आता मी लिहितो ते बसून वाचा. हणमंतनं मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि तो होता तोवर मी राहिलो. आता तुम्ही स्वतःहून विचारलंत.

शिल्पा कुठे राहते ते मला माहीत आहे, कारण हणमंतला माहीत होतं. तो दर हिवाळ्यात डोळे तपासायला नांदेडला यायचा ना, त्याच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. सकाळच्या गाडीनं यायचा आणि सरळ घाटावर. शिल्पा तिथं यायची. दोघं पायरीवर बसून पक्ष्यांना शेव टाकायचे आणि निम्मी स्वतःच खायचे. पहिल्या वर्षी एक शब्द बोलले नाहीत, नुसती शेव टाकत राहिले. पुढच्या वर्षी ती कडेवर मुलगी घेऊन आली. तुमची नात आहे, वहिनी. साक्षी नाव आहे. हणमंतची मिशी ओढायची.

दहाव्याच्या दिवशी शिल्पा माझ्या मागेच उभी होती, ओढणीनं तोंड झाकून. खाली यायची तिला हिंमत झाली नाही. मला ऐकू आलं नाही, पण तिला आलं असणार. वैजनाथ बोलला आणि ती मटकन खाली बसली. मला वाटलं बापासाठी.

संगमेश चांगला मुलगा आहे, मोंढ्यात धान्याच्या अडतीवर कामाला आहे. तुम्ही या. मी बसस्टँडवर थांबेन.

जहांगीर

*

बोरवाडी
२० जानेवारी

जहांगीरभाऊजी,

तुमच्यावर मी लई रागावले हाय, ते आधी सांगते. पण तुमच्यापेक्षा ह्यांच्यावर जास्त.

दर वर्साला मी ह्यांना धपाटे बांधून देत हुते, डोळे दावायला चालले म्हणून. ते धपाटे तिनं खाल्ले असतील. आईच्या हातचं हाय हे वळखलं बी असंल. आणि मला एका शब्दानं सांगितलं न्हाई. मला का न्हाई नेलं? लेक काय एकट्या ह्यांची हुती? नात झाली, ती मला पाखरावरनं कळावी? फोटोपुढं उभं राहून मी हे सगळं इचारलं. आता काय बोलत्यात ते.

वैजनाथला मी तुमचं पत्र दावलं न्हाई. तुमच्या तोंडून कळू द्या. मी त्याला एवढंच म्हणलं, तू महिनाभर कावळ्याला इचारलं, पाखराला इचारलं, गेलेल्या बापाला इचारलं. मी तुझ्यापुढं रोज ताट वाढून राहिले, मला एकदा इचारलं का, की आई तुझी काय इच्छा हाय? आणि पाखरानं नेलं ते पाखराच्या पोटात गेलं. शब्द तर तुझ्या तोंडचा हुता.

सोमवारी एसटीनं येते. मला शिल्पाच्या दारात सोडा आणि तुम्ही लगीच जावा. मला रडताना कुणी बघितलेलं आवडत न्हाई.

तुळजाबाई

*

नांदेड
२ फेब्रुवारी २०२५

चि. वैजनाथ,
दुआ.

आई सुखरूप आहे. फोनवर ती तुझ्याशी दोनच वाक्यं बोलते अशी तक्रार तू जेबाकडे केलीस म्हणे, म्हणून सविस्तर लिहितो.

तिला शिल्पाच्या दारात सोडून मी निघालो, तसं मला बजावलंच होतं. दुसऱ्या दिवशी गेलो तर घरात आईचा हुकूम सुरू झाला होता. भांड्यांची मांडणी बदललेली, संगमेशला रोज दूध प्यायला लावलेलं, आणि साक्षी तिला सोडून क्षणभर राहत नाही. काल सगळे घाटावर आले होते. आईनं ते पक्षी नीट पाहिले आणि माझ्या कानाशी म्हणाली, एवढ्या लांबून येऊन लोकांच्या हातची शेव खात्यात, ह्यांना घरी काय मिळत न्हाई का? मग स्वतःच पुडा रिकामा केला.

आता तुला सांगायचं ते सांगतो. तुझा बाप दर हिवाळ्यात शिल्पाला भेटत होता. इथंच, माझ्यासमोर. डोळ्यांचं निमित्त खोटं होतं. मी त्याला कितीदा म्हटलं, घरी सांग. तो म्हणायचा, मी अंगणात उभा राहून तिला मेली म्हणालो आणि वैजनाथनं ते माझ्यासाठी पाळलंय. लोकांशी भांडला, पाहुणे तोडले. आता मीच फिरलो तर पोरगा काय म्हणेल? त्याच्यापुढे तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तो तुला भीत होता, वैजनाथ. आणि मला वाटतं तू त्याला भीत होतास. दोघं एका छपराखाली एकमेकांसाठी एक शब्द धरून बसलात आणि मधे दोन बायका वाळून गेल्या.

ते पाखरू कशाला आलं होतं, कावळा का आला नाही, ते मला माहीत नाही आणि आता बघायचंही नाही. हणमंतला काय हवं होतं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हे मी तुला पहिल्याच पत्रात सांगितलं असतं. पण तू पाखराचं विचारलंस, बापाचं विचारलं नाहीस.

तिकडे परत कधी जायचं असं मी काल आईला विचारलं आणि मला ऐकू येत नाही म्हणून पाटी तिच्यापुढे धरली. तिनं खडू घेतला आणि खाली लिहिलं, "वैजनाथ दारात आला म्हणजे." शिल्पानं ते पुसलं. तिनं लिहिलं, दादावर जबरदस्ती नको. आईनं पुन्हा लिहिलं.

तुझा,
जहांगीरकाका

*

बोरवाडी
१० फेब्रुवारी २०२५

ती. काका यांना,
नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी शेतात गेलो नाही. बाबांचा राग आला. सहा वर्षं राखीला मी सकाळीच शेतावर निघून जायचो, त्यांच्यासाठी. त्यांनी मला एकदा सांगितलं असतं तर. मग वाटलं, मी तरी एकदा कुठे विचारलं.

रविवारी येतो. आईला सांगा, आणि शिल्पाला सांगा की दोन-चार दिवसांचे कपडे भरून ठेव. संगमेशरावांनाही अडतीवर सुट्टी मागायला सांगा. एसटीनं येणार नव्हतो तसाही, पण आता मोठी गाडी सांगितली आहे. परत येताना पाच माणसं होतील.

वैजनाथ